घाटाखालचा कट, घाटावरचं कुंपण

बुलढाणा जिल्ह्यात तालुके १३ असले, तरी जिल्हा खरा विभागला गेला आहे तो दोनच भागांत: घाटावर आणि घाटाखाली. दोन्हीकडची जमीन वेगळी, पाऊस वेगळा, बोलण्याचा हेल वेगळा, आणि एकमेकांबद्दलची मतं तर अगदीच वेगळी. अलीकडे सरकारने या विभागणीला रस्त्यांचीही जोड दिली आहे. घाटाखालून मलकापूर, नांदुरा, खामगाव असा जुना सहा नंबरचा राष्ट्रीय महामार्ग जातो. त्याचा नंबर बदलून ५३ झाला, पण ही बातमी अजून बोर्डाच्या खाली उतरलेली नाही. घाटावरून मेहकर, लोणार, सिंदखेडराजा, देऊळगावराजा या तालुक्यांमधून समृद्धी महामार्ग जातो. खालच्या रस्त्यावर कोणीही, कुठूनही, कोणत्याही दिशेला तोंड करून चढतो. वरच्या रस्त्यावर, ज्याच्या शेतातून तो गेला त्यालाही चढता येत नाही. मुंबई किती जवळ आली हे त्याने बांधावर उभं राहून बघायचं. रस्त्यावर कोणी कुठून यावं, कुठे वळावं आणि कुठून बाहेर पडावं, हे ठरवण्याचं एक अख्खं शास्त्र आहे. त्याच्यावर जाडजूड पुस्तकं आहेत, परिषदा भरतात. आपल्याकडे ते सगळं शास्त्र ‘कट’ या दोन अक्षरांत मावतं. डिव्हायडर फोडून पलीकडे जायला केलेली वाट म्हणजे कट. अधिकारी त्याला अतिक्रमण म्हणतात, पोलीस अपघाताचं कारण म्हणतात, आणि गावकरी ‘आपला रस्ता’ म्हणतात. मला तो लोकांनी दिलेलं एक निवेदन वाटतो. हे निवेदन कागदाऐवजी काँक्रीटवर आणि पेनऐवजी पहारीने लिहिलेलं असतं, इतकाच फरक. आणि निवेदन म्हटलं की ते वेळेवर वाचायला हवं. इथे ते रस्ता झाल्यावर वाचलं जातं, आणि सगळा घोटाळा त्या उशिरात आहे.

कट कळायचा तर आधी फाटा कळायला हवा. गाव आत दोन-तीन किलोमीटरवर, हायवे बाहेर, आणि दोघांची गाठ जिथे पडते तो फाटा. नकाशावर तो एक ठिपका असतो. प्रत्यक्षात तिथे चहाची टपरी असते, पंक्चरवाला असतो, उन्हाळ्यात रसवंती असते, कचोरीचा गाडा असतो आणि एसटी थांबते असं सगळ्यांनी मिळून मानलेलं एक लिंबाचं झाड असतं. गावाच्या दृष्टीने ते बसस्थानक, बाजारपेठ, टपाल कचेरी आणि राजकीय पक्षाचं कार्यालय, सगळं एका जागी. इंजिनिअरला मात्र तिथे यातलं काहीच दिसत नाही. त्याला दिसतात आकडे. दोन रस्ते एकमेकांना चौकात छेदतात तेव्हा गाड्यांच्या वाटा एकमेकींना अडतील, मिळतील किंवा फुटतील अशा ३२ जागा तयार होतात, हे वाहतूकशास्त्रातलं जगभर मान्य असलेलं गणित आहे. तीन तोंडांच्या फाट्यावर त्या ९ होतात. मधला डिव्हायडर सलग ठेवला आणि फक्त डावीकडे वळू दिलं, तर त्या बोटांवर मोजण्याइतक्या उरतात. म्हणजे इंजिनिअर कट बुजवतो तेव्हा तो गावाचा वैरी नसतो. तो अपघाताच्या जागा पुसत असतो. अडचण अशी की त्याच रेघेबरोबर तो लिंबाचं झाडही पुसतो, आणि ते पुसलं गेल्याचं त्याला कोणी सांगत नाही, कारण सांगायला कोणी बोलावलेलंच नसतं.

आता गावकऱ्याचं गणित बघू. चौपदरी महामार्गावर डिव्हायडरमधली दोन उघडी तोंडं एकमेकांपासून दोन किलोमीटरपेक्षा जवळ असू नयेत, असा इंडियन रोड्स काँग्रेसचा दंडक आहे. मोटारीच्या हिशेबाने दोन किलोमीटर म्हणजे एका गाण्याचं अर्धं कडवं. पण घर रस्त्याच्या अलीकडे, शेत बरोबर समोर पलीकडे, आणि दोन्ही अशा दोन तोंडांच्या नेमक्या मधोमध, असं ज्याच्या नशिबी आलं त्याचा हिशेब करा. त्याने डावीकडे वळून एक किलोमीटर जायचं, वळायचं, एक किलोमीटर परत यायचं. संध्याकाळी पुन्हा तेवढंच. जे शेत काल पंचवीस पावलांवर होतं, ते आज जाऊन-येऊन चार किलोमीटरवर गेलं. बैलगाडीला त्यासाठी रोजचा तास-सव्वा तास लागतो, आणि बैलांना सर्व्हिस रोड, यू-टर्न, लेनची शिस्त असल्या गोष्टींत रस नसतो. मग हा माणूस दोन गोष्टी करतो. ट्रॅक्टर असेल तर उलट्या बाजूने दामटतो, आणि पायी असेल तर डिव्हायडरवर एक दगड ठेवून पायरी करतो. उलट्या दिशेने गाडी चालवणं हे २०१९ च्या दुरुस्तीपासून मोटार वाहन कायद्यात धोकादायक वाहन चालवण्यात मोडतं आणि पहिल्या खेपेला एक ते पाच हजार रुपये दंड होऊ शकतो. शेतकऱ्याने हा दंडही हिशेबात धरलेला असतो. रोज चार किलोमीटरचं डिझेल नक्की लागणार, दंड मात्र कधीतरी होणार. राँग साइडने येणाऱ्या ट्रॅक्टरला आपण बेशिस्तीचा पुतळा समजतो. तो खरं म्हणजे सोयाबीनची ट्रॉली ओढत येणारा हिशेबनीस असतो. त्याचा हिशेब चुकलेला नसतो. त्याने फक्त त्यात स्वतःच्या जिवाची किंमत धरलेली नसते, आणि समोरून येणाऱ्याच्या जिवाची तर नाहीच.

कायदा या बाबतीत अजिबात मुका नाही. उलट, तो जरा जास्तच बोलतो. राष्ट्रीय महामार्गांवरची जमीन आणि वाहतूक यांच्या नियंत्रणासाठी २००२ चा केंद्रीय कायदा आहे. त्यानुसार महामार्गावर वाहनाने येण्याचा हक्क कोणालाही आपोआप नाही, परवानगी लागते. आणि पायी? पायी एकट्याने या, दोघं या, चौघं या. पण पाच किंवा अधिक जणांचा गट असेल तर सर्वसाधारण किंवा खास परवानगी हवी. ज्याने हे कलम लिहिलं तो नक्कीच कधी वऱ्हाडात आला नसावा. आपल्याकडे चार माणसं एकत्र चालायला लागली की पाचवा ‘कुठं चालले बावा?’ म्हणत येऊन मिळतोच. आठवडी बाजार, तेरवी, वरात, दिंडी, शाळा सुटणं, हे सगळं या कलमाच्या दृष्टीने परवानगीचं प्रकरण आहे. तीच गोष्ट रस्त्याकडेच्या बांधकामाची. महामार्गाच्या मध्यापासून ४० मीटरपर्यंत इमारत नको आणि ७५ मीटरपर्यंत नियंत्रण, असा सपाट प्रदेशासाठीचा जुना संकेत आहे. इंग्लंडने रस्त्याकाठी फितीसारखी घरं वाढू नयेत म्हणून १९३५ साली कायदा केला. त्या फितीची आठवण आपल्या कचेऱ्यांनी ‘रिबन’ म्हणून आजतागायत जपली आहे. बाकी फाट्यावर बांधकाम वाढतं ते या संकेतांना वळसा घालून. आधी छत्री येते, मग छत्रीला चार बांबू येतात, बांबूंवर ताडपत्री, ताडपत्रीवर पत्रा, पत्र्याखाली बाक. या क्रमात इमारत नेमकी कोणत्या दिवशी झाली हे सांगणं निष्णात वकिलालाही जमणार नाही.

इतका काटेकोर कायदा असताना लोकांना विचारण्याचीही काही सोय असेलच, असं वाचकाला वाटेल. आहे. राष्ट्रीय महामार्ग कायदा १९५६ चा. त्यात जमीन घेण्याची अधिसूचना राजपत्रात छापतात, तिचा सारांश दोन स्थानिक वर्तमानपत्रांत देतात, त्यांतलं एक लोकभाषेतलं असलं पाहिजे, आणि त्यानंतर २१ दिवसांत हरकत घेता येते. आता ही जाहिरात कोणी वाचलेली असते का? तिच्यात गट नंबर असतात, क्षेत्र असतं, कलमं असतात, आणि अक्षर इतकं बारीक की ज्याची जमीन जाणार आहे त्याला आधी डोळ्यांच्या डॉक्टरकडे जावं लागावं. शिवाय तिचा विषय जमीन हा असतो. ‘तुमचं शेत पलीकडे राहिलं, तर तुम्ही ट्रॅक्टर कुठून नेणार?’ हा प्रश्न त्या जाहिरातीत येत नाही. पर्यावरणाच्या २००६ च्या अधिसूचनेत जनसुनावणी आहे, जिल्हाधिकारी किंवा त्यांचे प्रतिनिधी तिथे बसतात. पण रस्ता रुंद करताना नवी जमीन घ्यावी लागत नसेल, तर त्या सुनावणीतून सूट आहे. रस्ता दुपदरीचा चौपदरी झाला, मध्ये डिव्हायडर आला, माणसाचं अख्खं येणं-जाणं बदललं, पण कागदावर नवी जमीन लागली नाही तर विचारण्याजोगं काही घडलंच नाही. त्यात आमच्याकडे आणखी एक मौज. घाटाखालच्या या महामार्गाच्या चौपदरीकरणाचं नाव अमरावती–चिखली, लांबी १९४ किलोमीटर. यातली चिखली म्हणजे मुक्ताईनगरच्या बाजूची, जळगाव जिल्ह्यातली. बुलढाणा जिल्ह्यातली चिखली हा घाटावरचा एक मोठा तालुका, आणि तिचा या रस्त्याशी काडीचा संबंध नाही. म्हणजे ज्यांचा रस्ता नाही त्यांना तो आपला वाटण्याची सोय आणि वडनेर भोलजीसारख्या ज्या गावांतून तो जातो त्यांचा नावात पत्ता नाही. लोकसंपर्काची सुरुवातच अशी झाली, तर पुढे काय होणार ते दिसतं आहे.

पुढे होतं ते असं. रस्ता होतो, कट बुजतो, आणि लोकांना पहिल्यांदा कळतं की आपल्याला काहीतरी म्हणायचं होतं. मग निवेदन. निवेदनाचा फोटो निघतो. त्यात एका कागदाला दहा-बारा हात लागलेले असतात आणि निवेदन घेणारा अधिकारी कागदाकडे न बघता कॅमेऱ्याकडे बघत असतो. मग रास्ता रोको. मग आश्वासन. मग कुठल्यातरी रात्री कट पडतो. कोणी पाडला हे सगळ्या गावाला माहीत असतं, फक्त नाव घेता येत नाही. काही दिवसांनी यंत्रणा येऊन तो बुजवते, तो पुन्हा पडतो, मग तडजोड म्हणून तिथे दोन डांबराचे पिंप ठेवतात, पिंपांमधून मोटारसायकल जाईल इतकी जागा राहते, आणि हा कट आता अधिकृत आहे की अनधिकृत या प्रश्नाला सरकारी यंत्रणा अध्यात्मातलं उत्तर देते: आहे आणि नाही. म्हणजे लोकांचा सल्ला शेवटी घेतलाच जातो. तो कार्यालयाऐवजी रस्त्यावर, आधीऐवजी नंतर, आणि सर्वांत महाग पद्धतीने घेतला जातो, इतकंच.

घाटावर गेलं की वाटतं, इथे तरी प्रश्न मुळापासून सोडवलाय. समृद्धी महामार्ग ७०१ किलोमीटरचा, दहा जिल्ह्यांतून जाणारा. ११ डिसेंबर २०२२ ला नागपूर ते शिर्डी हा टप्पा सुरू झाला आणि ५ जून २०२५ ला शेवटचा. मोटारींना ताशी १२० ची मुभा, दुचाकी आणि तीनचाकींना बंदी, दोन्ही बाजूंना कुंपण, आणि मेहकर, सिंदखेडराजा अशा मोजक्या ठिकाणीच चढ-उतार. कट नाही, फाटा नाही, लिंबाचं झाड नाही. आणि लोकसंपर्काच्या बाबतीत तर या रस्त्याने एक नवीच गोष्ट केली होती. जमिनी मिळेनात, विरोध वाढला, तेव्हा रस्ते विकास महामंडळाने गावोगाव संवादक नेमले. ही माणसं बांधावर बसली, शंका ऐकल्या, कागद समजावून सांगितले. आधीची भागीदारीची योजना लोकांना पटत नाही हे कळल्यावर थेट खरेदीचा, पाचपट मोबदल्याचा मार्ग आला, आणि जमिनी मिळाल्या. विचारलं, ऐकलं, बदललं, काम झालं. माझ्या मुद्द्याला याहून चांगला पुरावा शोधूनही सापडणार नाही. फक्त खरेदीखतावर सही झाली आणि संवाद संपला. पलीकडच्या विहिरीवर जायची वाट कुठे राहील, भुयारी मार्गात पावसाचं पाणी साचलं तर बैलगाडी कुठून न्यायची, हे प्रश्न सहीनंतर सुरू होतात. त्यांची उत्तरं द्यायला बांधावर कोणी उरलं नाही, आणि कुंपण तोडल्याच्या बातम्या यायला लागल्या. कुंपण तोडणं म्हणजे घाटावरचा कटच. रस्ता पूर्ण बंद केला की तो आपोआप सुरक्षित होतो, हेही खरं नाही. १ जुलै २०२३ च्या पहाटे सिंदखेडराजाजवळ खासगी बसच्या अपघातात २५ माणसं गेली, आणि तिथे ना कट होता, ना फाटा, ना उलटा आलेला ट्रॅक्टर. आडवं येणं बंद केल्याने एक धोका जातो. लांबच लांब एकसुरी रस्ता, वेग, थकवा, थांबायला जागा नसणं, हे धोके वेगळे राहतात.

इथपर्यंत वाचून कोणीतरी हमखास म्हणणार: अहो, हे सगळं ठीक, पण आपल्या लोकांना शिस्तच नाही. त्यांना विचारून काय उपयोग? हा आक्षेप मी गंभीरपणे घेतो, कारण तो घेणारी माणसं बहुधा स्वतः राँग साइडने आलेली असतात. त्याला उत्तर याच जिल्ह्यात, महामार्गापासून थोडं आत, शेगावला आहे. श्री गजानन महाराज संस्थानात गर्दीच्या दिवशी जा. येण्याची वाट वेगळी, जाण्याची वेगळी. ज्याला समाधीपर्यंत जायचंय त्याची रांग वेगळी, ज्याला घाई आहे त्याच्यासाठी मुखदर्शन वेगळं. हायवेच्या भाषेत सांगायचं तर लांबची वाहतूक मुख्य मार्गावर आणि गावची वाहतूक सर्व्हिस रोडवर. वळणावळणावर पांढऱ्या कपड्यातला सेवेकरी हात जोडून म्हणतो, ‘माऊली, इकडून या.’ आणि माऊली इकडून जाते! तीच माऊली, जिने अर्ध्या तासापूर्वी शेगाव फाट्यावर उलट दिशेने येऊन ट्रकवाल्याचा उद्धार केला होता. इथे ती तास न् तास रांगेत उभी राहते, कागदाचा कपटा खाली टाकत नाही, चपला नेमून दिलेल्या जागी ठेवते. माणूस तोच, जिल्हा तोच, शिस्त मात्र निराळी. भक्तीमुळे हे होतं असं म्हणून हा मुद्दा टाळता येत नाही. भक्ती इतर देवळांतही आहे आणि तिथली चेंगराचेंगरी आपल्याला माहीत आहे. शेगावात फरक पडतो तो व्यवस्थेने. वाट बंद करण्याआधी दुसरी उघडलेली असते, ती खरोखर कुठेतरी जाते हे दिसतं, आणि ते सांगायला दर वळणावर एक माणूस असतो, तोही दंडाचं पुस्तक न घेता. आषाढीहून परतणारी पालखी शेवटच्या दिवशी खामगावहून शेगावला येते तेव्हा त्या सोळा-सतरा किलोमीटरवर लाखो माणसं पायी चालतात. पाचपेक्षा जास्तच. तरीही रस्ता त्या दिवशी इतर दिवसांपेक्षा शहाणा असतो, कारण कोण कुठून जाणार हे सगळ्यांनी आधी ठरवलेलं असतं.

दुसरा आक्षेप यंत्रणेचा: प्रत्येक गावाला विचारत बसलो तर रस्ता होणारच नाही. हा आक्षेप अमरावती–चिखली रस्त्याच्या संदर्भात ऐकताना चेहरा सरळ ठेवणं कठीण जातं. या चौपदरीकरणाची कंत्राटं दिली गेली, मोडली गेली, काम रखडलं, मग रस्त्याचे चार तुकडे करून अमरावती–कुरणखेड, कुरणखेड–शेगाव, शेगाव–नांदुरा, नांदुरा–चिखली अशी वाटणी झाली. यात दशकभराहून अधिक काळ गेला, आणि त्या उशिराचं खापर गावकऱ्याच्या डोक्यावर फोडायला त्याला कोणी विचारलेलं तर हवं. उलट याच महामार्गावर, शेजारच्या अमरावती–अकोला भागात, जून २०२२ मध्ये ७५ किलोमीटर लांबीच्या एका लेनवर सलग डांबरीकरण करून गिनीज बुकात नोंद झाली. वेळ लागला १०५ तास ३३ मिनिटं. अभिमानाचीच गोष्ट आहे. पण ती एक गोष्ट सिद्ध करते: रस्ता टाकायला वेळ लागत नाही. वेळ लागतो तो टाकायच्या आधी. आणि त्या आधीच्या प्रदीर्घ काळात मलकापूर ते खामगावच्या प्रत्येक फाट्यावर एकेक संध्याकाळ बसलं असतं, तर उशिरात फरक पडला नसता. चहाची बिलं तेवढी वाढली असती.

तिसरा आक्षेप दुकानदाराचा, आणि तो मला सगळ्यांत वजनदार वाटतो. कट बंद झाला तर पलीकडचं गिऱ्हाईक येणार नाही, धंदा बसेल. यावर परदेशात बराच अभ्यास झाला आहे. अमेरिकेतल्या कोलोरॅडो राज्याने १९७९ मध्येच रस्त्यावरची दारं मोजून-मापून देण्याचा कायदा केला. आयोवा राज्यात १९९० च्या दशकात अशा सुधारणा झालेल्या रस्त्यांवरचे धंदे तपासले, तेव्हा बहुतेकांचं फारसं बिघडलं नाही, असं दिसलं. आधी वाटलेली भीती प्रत्यक्ष तोट्यापेक्षा मोठी निघाली. आपले सल्लागार हे अहवाल फार आवडीने दाखवतात. पण आयोवातल्या दुकानाला शंभर गाड्यांचं पार्किंग असतं आणि गिऱ्हाईक ठरवून येतं. आपल्या फाट्यावरच्या भज्यांना कोणी ठरवून येत नाही. वास आला म्हणून थांबतो. वास यू-टर्न घेऊन दोन किलोमीटर जात नाही. म्हणून या आक्षेपाचं उत्तर अहवालाने देता येणार नाही. मोठ्या हॉटेलवाल्याला आणि पेट्रोलपंपवाल्याला परवानगी काढून, वेग कमी करायची आणि वाढवायची वेगळी पट्टी बांधून, रीतसर दार मिळवता येतं. तो तेवढा सुजाण आणि सधन असतो. टपरीवाल्याला ते शक्य नाही. त्याच्यासाठी एसटीचा थांबा, सर्व्हिस रोड आणि टपऱ्यांचे ओटे हे तिन्ही एकाच ठिकाणी आणि एकाच वेळी आखायला हवेत. माणसं जिथे उतरतील तिथे भजी विकली जातील. थांबा इकडे, टपऱ्या हटवून तिकडे, आणि पादचारी पूल दोघांपासून लांब, अशी आखणी केली की ती तिन्ही ओस पडतात. मग पुलावर फक्त वाढदिवसाच्या शुभेच्छांचे फलक चढतात.

राहिला शेवटचा, जरा लबाड आक्षेप: विचारलं तर प्रत्येकजण आपल्या दारासमोर कट मागेल. मागेलच. एकेकट्याला कार्यालयात बोलावून विचाराल तर नक्की मागेल, आणि आमदारांची चिठ्ठीही आणेल. पण नकाशा फाट्यावरच मोठा करून टांगा, त्यावर प्रत्येकाचं शेत, विहीर, शाळा, दवाखाना दाखवा, आणि दोन किलोमीटरमध्ये एकच तोंड मिळणार आहे, ते कुठे ठेवायचं ते सांगा, असं सगळ्यांना एकदम विचारा. पहिला तास भांडणात जाईल. जाऊ द्या, जुने बांधाचे वाद त्यानिमित्ताने हवेशीर होतील. दुसऱ्या तासात कोणीतरी म्हातारा म्हणेल, ‘शाळेच्या पोरायले जिथून जा लागते तिथं ठेवा, आमचं काय.’ आणि मग बाकीच्यांना आपल्या दाराचा आग्रह धरणं अवघड होईल. हे भाबडं वाटेल, पण गावात पाणी कोणत्या गल्लीला किती वाजता सोडायचं, पोळ्याची मिरवणूक कोणत्या वाटेने न्यायची, हे असंच ठरतं. आणि ठरल्यावर ते मोडणाऱ्याला पोलीस लागत नाहीत, शेजारी पुरतात. कट स्वतः ठरवलेला असला की त्याच्या दोन हात अलीकडे दुसरा पाडणाऱ्याची पहार गावच काढून घेतं.

हे करून बघायला जिल्ह्यात जागाही आहे. सिंदखेडराजा ते शेगाव असा सुमारे १०९ किलोमीटरचा भक्तिमार्ग कागदावर आला आणि २०२४ मध्ये त्याविरुद्ध शेतकरी आंदोलनाला बसले. आहेत ते रस्ते असताना हा कशाला, असा त्यांचा सूर होता. घाटावरून निघून घाटाखाली उतरणाऱ्या रस्त्याला दोन्हीकडचे आक्षेप मिळाले, म्हणजे जिल्ह्याचं ऐक्य त्याने न बांधताच साधलं. असा कोणताही नवा रस्ता असो की जुन्या रस्त्याचा बुजवायचा कट, सभा आधी घ्यावी एवढंच मागणं आहे. ती तहसील कार्यालयात सकाळी अकराला नको. तेव्हा येणारे लोक कोणत्याही सभेला येतात. ती फाट्यावर, दिवेलागणीला घ्यावी. मृगाच्या तोंडावर नको, सोयाबीनच्या सोंगणीत नको, कापूस वेचणीत नको, १२ जानेवारीला, जिजाऊ जयंतीच्या दिवशी, सिंदखेडराजात तर नकोच नको. बायकांना वेगळं विचारावं, कारण रस्ता ओलांडून पाण्याला, शेताला आणि दवाखान्यात त्याच जातात आणि निवेदनाच्या फोटोत त्याच नसतात. उन्हाळा बरा, हातात कामं कमी असतात. फक्त अक्षय्य तृतीयेची संध्याकाळ आणि दुसऱ्या दिवसाची पहाट टाळावी. तेव्हा घाटाखालची निम्मी माणसं भेंडवळला घटमांडणी बघायला गेलेली असतात. तिथे पावसाचं, पिकांचं, राजाच्या गादीचं भाकीत वर्षानुवर्षं सांगितलं जातं. चौपदरीकरण पूर्ण होण्याची तारीख सांगायची जोखीम मात्र त्या घटांवरही अजून कोणी टाकलेली नाही.